त्याग-बिग काही नाही, फळा ताब्यात घ्यायचाय

मी इंजिनिअर होतो. आता मास्तर आहे.

हे एवढंच वाक्य ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लोकलमध्ये कुणापुढंही टाकून बघा. समोरच्याचं तोंड कसं होतं त्यावरून तो कुठल्या वस्तीतला ते मी सांगतो.

डोंबिवलीचा पांढरपेशा गहिवरतो. ‘वा! पगारावर लाथ मारलीत! केवढा त्याग!’ मग हळूच आडनाव विचारतो. आडनाव ऐकलं की गहिवर आटतो. ‘म्हणजे... कंपनीतलं काम झेपलं नाही का?’ माणूस तोच, राजीनामा तोच. एका आडनावाला तो त्याग, दुसऱ्या आडनावाला ती नापासी.

आणि कोळसेवाडीतला आपला माणूस? तो गहिवरत नाही. तो कपाळावर हात मारतो. ‘पोरगं हाताशी आलं होतं, वाया गेलं.’

या दोघांनाही उत्तर द्यायचंय. दोघांना वेगवेगळं. म्हणून हे लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

१

आधी त्यागवाल्यांचा हिशेब.

अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथं १९७२ पासून १६ शाळांत एक वेगळंच विज्ञान सुरू झालं होतं. पुस्तक पाठ करायचं नाही, पोरांनी स्वतःच्या हातानं प्रयोग करायचे, मास्तरनं गप्प बसून बघायचं. गुप्तांनी तिथं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. पुढं टेल्को सुटली ती सुटलीच. नंतर पुण्याच्या आयुकात बरीच वर्षं मुलांसाठी फेकून दिलेल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. होशंगाबादच्या त्या कार्यक्रमाचा मात्र सरकारनं २००२ साली गळा घोटला. खेळणी चालतात, प्रश्न विचारणारी पोरं चालत नाहीत.

माणूस मोठा. काम मोठं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या खेळण्यांवर मी माझा वर्ग चालवतो. भांडण आहे ते त्यांचं नाव घेऊन आम्हाला त्याग शिकवणाऱ्यांशी.

त्याग करायला आधी काहीतरी साठलेलं लागतं, भावांनो. तीन पिढ्यांची पेन्शन, गावाकडची जमीन, टिळकनगरचा ब्लॉक, अमेरिकेतला काका. ते असलं की माणूस एका नोकरीवरून उडी मारतो तेव्हा खाली गादी असते. माझा बाप रेल्वेत गँगमन. उन्हात तापलेल्या रुळावर त्याची हयात गेली. मी घरातला पहिला इंजिनिअर. माझ्या ३२ हजारांवर पाच तोंडं, एक कर्ज आणि धाकट्या बहिणीची फी. मी उडी मारली तेव्हा खाली फरशी होती.

आई म्हणाली, ‘तुझ्या बापानं पाय भाजून घेतले ते तू खडू झाडावास म्हणून?’

या वाक्याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण जे काही आहे ते त्याग या शब्दात बसत नाही. आईच्या पैशावर मी कसला त्याग करणार? तो असलाच तर तिचा. तेव्हा ठाण्या-डोंबिवलीच्या सभागृहांतून शाली घेऊन फिरणाऱ्यांनी ती शाल परत घेऊन जावी. आणि ‘झेपलं नाही का’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस एमआयडीसीत रात्रपाळीला रिॲक्टरपाशी उभं राहावं. मग कुणाला काय झेपतं ते बोलू.

२

आता आपल्या माणसाला उत्तर.

चळवळीतला एक जुना मित्र कल्याण स्टेशनच्या पुलावर भेटला. म्हणाला, ‘तू बाबासाहेबांशी बेइमानी केलीस. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं, आमच्या पोरांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला शिष्यवृत्त्या द्या म्हणून भांडले. ते कशासाठी? तू मास्तरकी करावी म्हणून?’

मित्रा, निवेदन मलाही माहीत आहे. त्याच निवेदनाच्या जोरावर मी उभा आहे. पण बाबासाहेब कुणाच्या घरात जन्मले? सुभेदार रामजी सकपाळांच्या. आणि रामजी काय होते? लष्करी शाळेत मास्तर होते, हेडमास्तर होते. आपल्या सगळ्यांचा बाप एका मास्तरचा पोरगा आहे. आणि १९१८ साली तो स्वतः सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होऊन वर्गासमोर उभा राहिला. प्राध्यापकांच्या माठातलं पाणी त्यानं पिऊ नये म्हणून हरकत घेणारे सहकारी तिथं होते, तरी उभा राहिला.

आणि फळ्याची ती गोष्ट आठव. एल्फिन्स्टन हायस्कूल, मुंबई. मास्तरांनी गणित सोडवायला भीमरावाला फळ्याकडं बोलावलं. वर्गात कालवा झाला. का? तर फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. याची सावली पडली तर डबे बाटणार. पोरं धावली, डबे बाजूला फेकले, मग भीमराव फळ्यापाशी गेला आणि गणित सोडवलं.

ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, डोळे पुसतो, टाळ्या घेतो. पण एक प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी फळ्यापाशी जायला सांगणारा एक मास्तर होता. तो नसता तर? ‘बस खाली, तुला काय येणार’ म्हणणारा असता तर?

तसला मास्तर आज ठाण्या-कल्याणच्या शाळांत डझनांनी मिळेल. डबे आता कुणी फेकत नाही. आता पद्धत सभ्य आहे. नववीच्या पोराला खांद्यावर हात ठेवून सांगतात, ‘तुला सायन्स झेपायचं नाही रे, उगाच नापास होशील, आर्ट्सला जा, नाहीतर आयटीआय बघ.’ आयटीआय वाईट नाही. पण कुणाच्या पोराला हा सल्ला मिळतो आणि कुणाच्या पोराला क्लासचा पत्ता मिळतो, ते हजेरीपटावरच्या आडनावांवर बोट फिरवून बघा. राखीव जागा कॉलेजच्या दारात असते. आपलं पोरगं त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच नववीच्या वर्गात गळतं. आपण मोर्चे कॉलेजच्या दारात काढतो. गळती मागं राहते, नववीच्या बाकावर.

मी एक इंजिनिअर कमी केला, कबूल. पण ज्या दारात इंजिनिअर अडवले जातात त्या दारात जाऊन उभा राहिलो. ही बेइमानी असेल तर असू दे.

३

विज्ञान म्हणजे मार्कांचा विषय, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याबरोबर नेतिवलीला यावं.

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्व, नेतिवली. एक माणूस विहीर साफ करायला उतरला. वर येईना. त्याला बघायला मागून दुसरे गेले. त्यांना काढायला अग्निशमन दलाचे जवान उतरले. पाच माणसं मेली. त्यातले दोन जवान. पाण्यात बुडून नाही, विषारी वायूनं.

मे २०१९. ठाणे, ढोकाळी. एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगार मेले.

हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा नवा कायदा २०१३ चा. गटारात आणि टाकीत माणूस उतरवू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सुनावलं, २०२३ साली पुन्हा सुनावलं आणि मेलेल्याच्या घरच्यांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. म्हणजे आमच्या मरणाचा भाव वाढला. मरण थांबलं नाही.

आता दहावीचं कुठलंही गाईड उघडा. हायड्रोजन सल्फाइड: ‘रंगहीन वायू, सडलेल्या अंड्यासारखा वास.’ रिकाम्या जागा भरा, एक मार्क. संपलं. पोरगं एक मार्क घेतं आणि घरी जातं. त्याचा चुलता पालिकेच्या कंत्राटदाराकडं गटारावर कामाला असतो.

मी वर्गात हा वायू असा शिकवतो. त्याचा रेणुभार ३४. हवेचा सरासरी २९ च्या आसपास. मग तो कुठं बसणार? पोरं सांगतात, ‘खाली, सर.’ विहिरीत, टाकीत, मॅनहोलमध्ये तळाला. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. वास येतो तोवर तुम्ही सावध असता. पण वायू वाढला की तो आधी नाकच मारतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला वायू, उतरूया. तिथंच तो पडतो. मग त्याचा भाऊ उतरतो. भावाला नाक तेच. काडी पेटवून बघायची अक्कल कुणी शिकवली असेल तर ती विसरा, कारण तिथं मिथेनही असतो आणि तो पेटतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर कुणीही उतरायचं नाही. सख्खा भाऊ आत पडला असला तरी नाही. दोर, माणसं, अग्निशमन दल, आरडाओरडा. पण उतरायचं नाही.

त्या तासाला वर्गात आवाज नव्हता. तास संपल्यावर एक पोरगा म्हणाला, ‘सर, हे माझ्या पप्पांना येऊन सांगाल का?’

मी गेलो. सांगितलं. बाप ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, ‘मास्तर, मला म्हाईत हाय. पण नाय उतरलो तर उद्या दुसरा उतरंल.’

हे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. रसायनशास्त्र जिथं संपतं तिथं जात सुरू होते, आणि ते पोराला सांगणारा मास्तर वर्गात हवा. कारखान्यात मी वायू मोजत होतो ते मालकाचा माल वाचवायला. तोच वायू वर्गात शिकवला तर एखाद्या पोराचा बाप वाचेल. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं मला पगाराचे आकडे दाखवू नयेत.

४

डोंबिवलीच्या पोरांना विज्ञान शिकवायला प्रयोगशाळेची गरजच काय? जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ ला तिथंच स्फोट झाला, डझनभर माणसं मेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट, पुन्हा मृतदेह. २०१६ ला मी त्याच पट्ट्यात नोकरीला होतो. आमच्या शेडचे पत्रे हलले. संध्याकाळी घरी आलो तर शेजारचं आठवीतलं पोरगं विचारतं, ‘दादा, कशानं फुटलं?’ मी इंजिनिअर. मला माहीत होतं बंद भांड्यात दाब कसा वाढतो. मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं, याला ‘दाब’ म्हणजे ‘एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनं प्रयुक्त बल’ एवढंच शिकवलंय. त्या वाक्यातला एक शब्द त्याच्या घरात कुणी बोलत नाही.

त्या रात्री ठरवलं, असं मी म्हणणार नाही. अशा गोष्टी रात्रीत ठरत नाहीत. पण खडा तिथं टोचला.

ही भाषेची भिंत काही माझा शोध नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी शाळेच्या विज्ञानाकडं वळले आणि १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला या केंद्रानं मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केलं, अनुसूचित जातींच्या पोरांबरोबरही केलं. काय दिसलं? पुस्तकाची भाषा सोपी केली की त्याच पोरांना विज्ञान कळायला लागतं. डोकं तेच, वस्ती तीच, फक्त भाषा बदलली. चार दशकं झाली. आणि शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येतं, ‘यांच्या डोक्यातच नाही हो.’

मी आठवीला आम्ल-आम्लारी शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं, ‘उदासीनीकरण’. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, ‘सर, उदास कोण झालं?’ वर्ग हसला. मीही हसलो. मग सुचलं, ही बरोबर बोलतेय. आम्लाचा झोंबरेपणा गेला, आम्लारीचा बुळबुळीतपणा गेला, दोघंही थंड पडले. हळदीच्या कागदावर साबण लावला की लाल होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. तिच्याच आईच्या मोरीतला साबण, तिच्याच घरातली हळद. तो शब्द ती आता मरेपर्यंत विसरायची नाही. आणि तो ज्यानं बनवला त्याला तिच्या मोरीची आठवण कधीच आली नव्हती.

५

आता कुणी म्हणेल, मग या की सगळे! दार उघडं आहे!

दार उघडं? ऐका.

बी.एड. माझ्या वेळी दोन वर्षांचं. दोन वर्षं कमाई शून्य. मग तासिका तत्त्वावर राबलो. तासाला पैसे, सुट्टीला ठेंगा. एका संस्थाचालकानं माझी पदवी बघितली, आडनाव बघितलं आणि विचारलं, ‘किती देणार?’ देणगी म्हणतात तिला. शाळेचा पगार सरकार देणार, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून देणार, आणि जागा विकणार हा! म्हणून अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. नाव बघा, पवित्र! आम्हाला शिवायला या राज्यात पोर्टलसुद्धा पवित्र लागतं. त्यातही खासगी संस्थांसाठी ‘मुलाखतीसह’ असा रकाना ठेवलाच. गुण यंत्र मोजणार, आडनाव मुलाखत मोजणार.

एवढं करून लागलो तर काय? शिक्षणसेवक. तीन वर्षं मानधनावर. २०२३ साली ते वाढवलं तेव्हा माध्यमिकला महिना १८ हजार झालं. त्याआधी किती वर्षं ८ हजारांवर माणसं राबवली. त्याच २०२३ साली तरुण बेकार बसलेले असताना निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर बोलवायचा फतवा निघाला.

१८८२ साली जोतिबा फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं की प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. मास्तर शेतकरी जातींतून घ्या, पोरांत मिसळणारे घ्या, त्यांना बरा पगार द्या, आणि अभ्यासात शेती नि आरोग्याचं ज्ञान ठेवा. जे जोतिबांनी इंग्रजाकडं मागितलं ते अजून आपण आपल्याच सरकारकडं मागतोय, आणि सरकार पोर्टल दाखवतंय.

तेव्हा ‘इंजिनिअरांनो, शाळेकडं चला’ अशी गोड हाक मी देणार नाही. उपाशी पोटी हाक देणं हा बामणी धंदा आहे. आधी मागणी: रिकाम्या जागा पूर्ण पगारावर भरा, मानधनाची वेठ बंद करा, मुलाखतीचा रकाना काढा, प्रत्येक पालिका शाळेत चालती प्रयोगशाळा द्या. यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पालिकेच्या दारात बसायची तयारी आहे का? असेल तर बोला.

६

आणि शेवटी आपल्यातल्यांशी, म्हणजे माझ्याशी पण.

मास्तर झालेला आपला माणूस काय करतो? कॉलनीत फ्लॅट घेतो, आडनाव आखडून सांगतो, शिक्षकांच्या खोलीत त्यांचे विनोद ऐकून हसतो, शाळेच्या पूजेला नारळ धरतो आणि वर्गात येऊन आपल्याच पोरांवर ओरडतो, ‘तुम्ही लोक सुधारणार नाही!’ तुम्ही लोक! हा तर त्यांच्यापेक्षा वाईट. ते बाहेरून दार लावतात, हा आतून कडी घालतो.

मीही काही धुतला तांदूळ नाही. पहिलं वर्ष मी गाईड वाचून दाखवलं. फळ्यावर प्रश्न, फळ्यावर उत्तर, पोरांनी उतरवून घ्यायचं. कंपनीत जसा रिपोर्ट भरायचो तसा वर्ग भरला. एक पोरगा सारखा विचारायचा, ‘का सर? असं का?’ मी त्याला गप्प बसवलं. दोनदा, तीनदा. मग तो विचारायचा थांबला. पुढच्या जूनला तो शाळेत दिसला नाही. गोदामात हमालीला लागला, असं पोरं म्हणाली. मी शोधायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. ज्या ‘का’साठी मी कंपनी सोडली, तो ‘का’ मीच चिरडला. ही गोष्ट कुठल्या सत्कारात सांगितली नाही. इथं सांगतोय, कारण हे पान आपलं आहे.

म्हणून जे इंजिनिअर राहणार आहेत त्यांनी खुशाल राहावं. आपल्याला ते हवेत. पण दर रविवारी दोन तास जवळच्या बुद्धविहारात पोरांबरोबर बसा. काड्या, नळ्या, हळद, साबण घेऊन बसा. भाषण देऊ नका. आणि ज्यांची नोकरी सुटली म्हणून मास्तरकीकडं डोळा आहे त्यांनी येऊ नये. शाळा ही धर्मशाळा नाही.

जे येतील त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं. फळ्यामागचे डबे अजून तिथंच आहेत. फक्त दिसत नाहीत. ज्या दिवशी मागच्या बाकावरचं पोरगं न बोलावता उठेल, फळ्यापाशी जाईल, खडू घेईल आणि वर्गात कुणाचीच धावपळ होणार नाही, त्या दिवशी मी आईला उत्तर देईन. तोवर खडू झाडतोय. बापाच्या भाजलेल्या पायांची शपथ, नीट झाडतोय.

जयभीम.